रात्रीची शेवटची सिगारेट आणि पहाटे तीनची जाग: धूम्रपान करणाऱ्याने झोप परत कशी मिळवावी

‘झोप लागत नाही म्हणून एक ओढतो.’ नाशिकच्या सातपूर-अंबडला कारखान्यांची सेकंड शिफ्ट सुटली की गेटबाहेरच्या टपरीवर हे ऐकू येतं. निफाडकडे रात्रीच्या लायटीवर बागेला पाणी भरणारा शेतकरी विडी पेटवताना हेच म्हणतो. कॉलेज रोडला परीक्षेसाठी जागणारी पोरंही तेच सांगतात. ओढल्यावर शांत वाटतं, हा त्यांचा अनुभव खोटा नाही. पण ती शांतता येते कुठून, हे कळलं की झोपेचं अर्धं कोडं सुटतं. उरलेलं अर्धं सोडवायला काही आठवडे आणि थोडी चिकाटी लागते. हा लेख त्या आठवड्यांसाठी आहे. आज सोडायचा निश्चय झाला नसेल तरी वाचा, कारण यातल्या पहिल्या काही पायऱ्या न सोडताही चढता येतात.

रात्रभरात शरीरात काय चालतं

झुरका घेतल्यावर निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत जातं. ते उत्तेजक आहे. नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, अंगात ॲड्रिनलिन सुटतं. म्हणजे अंथरुणावर पडायच्या वेळी आपण शरीराला ‘जागा राहा’ असं सांगत असतो. तरीही शांत का वाटतं? कारण तासाभरापूर्वीच तलफ सुरू झालेली असते. जीव थोडा अस्वस्थ असतो, चिडचिड असते, हात काहीतरी शोधत असतात. सिगारेट ती अस्वस्थता तेवढ्यापुरती मिटवते. जी अस्वस्थता आधीच्या सिगारेटने निर्माण केली, तीच पुढची सिगारेट शमवते, आणि आपल्याला वाटतं की हिच्यामुळे ताण गेला.

आता घड्याळ बघू. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांनी निम्मं होतं. रात्री ११ला शेवटची ओढली तर १ वाजता निम्मं आणि ३ वाजता पाव उरतं. आपली सगळ्यात गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात असते, आणि नेमकं तेव्हाच रक्तात निकोटीन भरपूर असतं. त्यामुळे डोळा उशिरा लागतो आणि लागला तरी झोप वरवरची राहते. उत्तररात्री निकोटीन उतरलं की मेंदू मागणी सुरू करतो, कारण रोजच्या सवयीने त्याच्यात निकोटीन झेलणाऱ्या जागा वाढलेल्या असतात. मग जाग येते. माणूस लघवीला उठतो, पाणी पितो, आणि बाल्कनीत जाऊन एक पेटवतो. पुन्हा झोप लागायला तास जातो. सकाळी डोळे चुरचुरतात, डोकं जड असतं, म्हणून चहाबरोबर पहिली सिगारेट. एकाच रात्रीची दोन टोकं अशी बिघडतात.

शिवाय धुराने नाक आणि घशाचं अस्तर सुजतं, घोरणं वाढतं. निकोटीनमुळे अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते, म्हणून आडवं झाल्यावर छातीत जळजळतं. पहाटेचा खोकला तर ओढणाऱ्यांच्या घरी सगळ्यांच्याच ओळखीचा असतो.

इथे विडी आणि मशेरीबद्दल बोलायलाच हवं, कारण आपल्याकडे ‘धूम्रपान’ म्हटलं की फक्त सिगारेट डोळ्यांपुढे येते. सिन्नरमध्ये पिढ्यान्पिढ्या विड्या वळल्या गेल्या, त्यामुळे या भागात विडी घरचीच वाटते आणि ‘पान आणि तंबाखू, त्यात काय एवढं’ असा समज आहे. विडीत तंबाखू कमी असला तरी ती विझू नये म्हणून झुरके जास्त आणि जोरात घ्यावे लागतात. निकोटीन सिगारेटपेक्षा कमी मिळत नाही. रात्री दात घासायच्या नावाखाली मशेरी लावून झोपणाऱ्या बायका खूप आहेत. त्यांना कोणी ‘व्यसन’ म्हणत नाही, म्हणून त्यांच्या झोपेचं कारणही कोणी शोधत नाही. मशेरी, मळलेला तंबाखू, गालात ठेवलेला बार यांतून निकोटीन हळू शिरतं आणि जास्त वेळ रक्तात राहतं. झोपेचा हिशोब तोच.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त लिहा

काही बदलू नका. एक छोटी वही उशाशी ठेवा. मोबाईलवर लिहिण्यापेक्षा वही बरी, कारण रात्री मोबाईल हातात घेतला की झोप आणखी उडते. रोज सकाळी पाच गोष्टी लिहा: शेवटची सिगारेट, विडी किंवा मशेरी किती वाजता, अंथरुणावर किती वाजता, अंदाजे किती वेळाने डोळा लागला, रात्री किती वेळा उठलात आणि उठून ओढली का, आणि सकाळी उठल्यावर पहिली किती मिनिटांनी. चहा-कॉफीचे कप आणि दारू घेतली असेल तर तीही बाजूला टिपून ठेवा.

यातला शेवटचा आकडा सगळ्यात बोलका. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटत असेल तर निकोटीनची पकड घट्ट आहे. पाच मिनिटांच्या आत असेल तर फारच घट्ट. डॉक्टरही हाच प्रश्न आधी विचारतात, कारण औषधाची मात्रा त्यावर ठरते. दुसरं, रात्री मधेच उठून ओढणारा माणूस सोडायला गेला तर त्याला जास्त मदत लागते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त तयारी जास्त करायची.

दुसरी पायरी: मधल्या रात्रीची सिगारेट आधी बंद

दिवसभराच्या दहा तशाच ठेवल्या तरी चालतील, पण रात्री अंथरुणातून उठून ओढायची ती पहिली बंद करा. माझ्या मते सगळ्या मार्गात हीच सर्वात महत्त्वाची जागा आहे. मेंदू सवयीने शिकतो. पहाटे ३ला उठल्यावर बक्षीस मिळतं हे त्याला कळलं की तो रोज ३ला उठवतो. बक्षीस थांबलं की काही दिवसांत ते उठवणंही कमी होतं.

यासाठी पाकीट आणि लायटर झोपायच्या खोलीत ठेवायचे नाहीत. घराबाहेर, गाडीच्या डिक्कीत, खालच्या पार्किंगमध्ये, जिथे जायला कपडे बदलावे लागतील अशा ठिकाणी ठेवा. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवा. जाग आली तर पाणी प्या, तोंडात बडीशेप किंवा लवंग धरा. तलफेची लाट काही मिनिटांत ओसरते. ती सतत चढत जाईल असं वाटतं, पण तसं होत नाही. अंथरुणात पडून ओढायची सवय असेल तर ती आजच्या आज थांबवा. पेंग आली आणि हातातली पेटती विडी गोधडीवर पडली तर घर पेटतं.

तिसरी पायरी: शेवटची अलीकडे आणा

वहीत शेवटची वेळ ११ असेल तर दोन-तीन दिवस पावणेअकरा, मग साडेदहा, असं सरकत या. झोपेआधीचे चार तास निकोटीनविना जावेत, हे लक्ष्य. एकदम चार तास जमणार नाहीत, दोनपासून सुरुवात करा. रात्रीची कमी झाली म्हणून दुपारी दोन जास्त ओढायच्या, असं मात्र करू नका.

जेवणानंतरची सिगारेट सोडणं सगळ्यांना जड जातं. ताटावरून उठल्याबरोबर दात घासा, आणि मग पंधरा-वीस मिनिटं चाला. गंगापूर रोडकडचे लोक कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर किंवा गोदापार्ककडे जाऊ शकतात. इतरांनी आपल्या सोसायटीभोवती फिरलं तरी पुरे. फक्त पानटपरीचा रस्ता टाळायचा. हिवाळ्यात नाशिकची थंडी आणि शेकोटीभोवतीची विडी यांचं जुनं नातं आहे. त्या दिवसांत संध्याकाळी लवकर चालून या आणि शेकोटीवर बसायचंच असेल तर शेंगा, हरभऱ्याचा हावळा, काहीतरी हातात ठेवा. हात रिकामा राहिला की तो खिशाकडे जातो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. घट्ट सवय असलेल्याला चार तासांच्या खंडानंतर झोपायच्या वेळी तलफ येईल आणि सुरुवातीला झोप बरी होण्याऐवजी थोडी बिघडेलही. ही पायरी अंथरूण आणि सिगारेट यांची गाठ सोडवण्यासाठी आहे. झोप खऱ्या अर्थाने सुधारते ती निकोटीन पूर्ण सुटल्यावर.

चौथी पायरी: सोडायच्या दिवशी चहा निम्मा करा

हा मुद्दा फार कमी लोकांना माहीत असतो, म्हणून सावकाश सांगतो. सिगारेट-विडीच्या धुरातले काही घटक यकृतातल्या एका एन्झाइमला जास्त जोराने कामाला लावतात. तेच एन्झाइम चहा-कॉफीतलं कॅफिन मोडतं. त्यामुळे ओढणाऱ्याच्या शरीरातून कॅफिन न ओढणाऱ्याच्या मानाने जवळपास दुप्पट वेगाने बाहेर पडतं. दिवसातून सहा कप चहा पिऊनही त्याला काही वाटत नाही ते यामुळे.

सिगारेट सोडली की काही दिवसांतच हे एन्झाइम मूळ वेगावर येतं. चहा तेवढाच राहिला तर रक्तातलं कॅफिन वाढतं. छातीत धडधड, हाताला कंप, चिडचिड, रात्री टक्क जागं. माणसाला वाटतं, ही सिगारेटची तलफ आहे, आणि तो परत ओढायला लागतो. कितीतरी प्रयत्न इथे फसले असतील. यावर उपाय साधा आहे: सोडायच्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी, आणि दुपारी २ नंतर नाहीच. मिसळीनंतरचा कडक चहा, टपरीवरचा कटिंग, ऑफिसच्या मशीनची कॉफी, कोल्ड ड्रिंक, एनर्जी ड्रिंक सगळं धरून निम्मं. चहाबरोबर सिगारेटची जोडी असते, त्यामुळे चहा घटला की तलफेची निमित्तंही घटतात.

हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नाही. म्हणून तलफ भागवायला निकोटीनची गोळी किंवा पॅच (कातडीवर चिकटवायची निकोटीनची पट्टी) वापरत असाल तरीही चहा कमी करायचाच. याउलट फक्त मशेरी किंवा तंबाखू सोडणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही. त्यांनी चहा संध्याकाळी टाळला तरी पुरे.

याच एन्झाइममुळे काही औषधांचंही प्रमाण बदलतं. दम्यासाठी थिओफिलिन घेत असाल, किंवा मानसोपचारातली क्लोझॅपिन वा ओलॅन्झॅपिन घेत असाल, तर सोडायची तारीख ठरवण्याआधी तुमच्या डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करावी लागू शकते. सांगायला विसरू नका. स्वतःहून गोळी कमी करू नका.

पाचवी पायरी: पहिले तीन-चार आठवडे कसे काढायचे

सोडल्यावर पहिल्या आठवड्यात झोप सर्वात वाईट असते. डोळा लागत नाही, लागला तर स्वप्नं भडक पडतात. सिगारेट ओढत असल्याची स्वप्नंही पडतात आणि माणूस अपराधी वाटून उठतो. हे नेहमीचं आहे. बहुतेकांचं दोन ते चार आठवड्यांत निवळतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा की थोडे दिवस हा माणूस चिडका आणि झोपाळू असणार आहे. जिच्यावर रोज आवाज चढणार ती बायको किंवा आई आधीपासून तयार असली तर घरात भांडण पेटत नाही.

निकोटीनची च्युइंगम २ आणि ४ मिलिग्रॅमची मिळते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ओढणाऱ्याला सहसा ४ची लागते. ती डॉक्टरांना विचारून घ्या. गरोदर बाई, हृदयाचा त्रास असलेले किंवा नुकताच अटॅक येऊन गेलेले लोक यांनी कुठलीही मात्रा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ही गम साध्या च्युइंगमसारखी चघळत राहायची नाही. तोंडात तिखटपणा किंवा मुंग्या जाणवेपर्यंत हळू चावायची, मग गालात दाबून ठेवायची. चव गेली की पुन्हा थोडं चावायचं. गम घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत असं काही नको, निकोटीन नीट शोषलं जात नाही. झोपायच्या आधी शेवटच्या तासात मात्र गम टाळा, कारण तीही निकोटीनच देते.

पॅच लावत असाल आणि रात्री चमत्कारिक स्वप्नं पडत असतील तर झोपताना तो काढून टाका आणि सकाळी नवा लावा. तोपर्यंत सकाळची पहिली तलफ जोरात येईल, तेव्हा गम हाताशी असू द्या. डॉक्टरांनी सिगारेट सोडायला बुप्रोपिऑन हे औषध दिलं असेल तर दुसरा डोस झोपायच्या वेळी घेऊ नका, त्याने झोप उडते. व्हरेनिक्लिन या अशाच दुसऱ्या औषधाने स्वप्नं वाढतात. संध्याकाळचा डोस जेवणाबरोबर लवकर घ्यावा का, ते डॉक्टरांना विचारा. झोप येत नाही म्हणून दुकानातून झोपेच्या गोळ्या आणून खाणं किंवा एक पेग लावणं या दोन्ही वाटा नकोत. दारूने डोळा लागतो, पण पुढची झोप तुटक होते, घोरणं वाढतं आणि दोन पेगनंतर सिगारेटला नाही म्हणणं फार कठीण जातं.

ई-सिगारेटकडे वळू नका. भारतात २०१९पासून तिच्यावर बंदी आहे, आणि तिच्यातही निकोटीनच असतं.

राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा टोल-फ्री नंबर पाकिटावरच छापलेला असतो. ओढणारे रोज तो पाहतात आणि कोणी लावत नाही. लावा. समुपदेशक तारीख ठरवायला मदत करतात आणि नंतर चौकशीही करतात. त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडण्याच्या समुपदेशनाबद्दल विचारा.

पहाटे जाग आली तर

वीसेक मिनिटं कूस बदलूनही झोप आली नाही तर उठा. पडून राहिलं की अंथरूण म्हणजे तळमळ असं मेंदूत बसतं. दुसऱ्या खोलीत, मंद दिव्यात, कंटाळवाणं काहीतरी करा: कपड्यांच्या घड्या, जुनं मासिक, भाजी निवडणं. बाल्कनीत जाऊ नका, ती तुमची ओढायची जागा आहे. घड्याळ बघू नका. पेंग आली की परत आडवे व्हा.

रात्र कितीही वाईट गेली तरी सकाळी उठायची वेळ एकच ठेवा. रविवारीसुद्धा. दुपारी डुलकी घ्यायचीच असेल तर वीस-तीस मिनिटं, ३ वाजायच्या आत.

नाईट करणारे आणि गाडी चालवणारे

थर्ड शिफ्टवाल्याचं गणित उलटं आहे. ७ला सुटून ८ला घरी येऊन झोपणार असाल तर निकोटीन आणि चहा दोन्ही रात्री ३-४च्या आत संपायला हवं. अडचण अशी की पेंग सगळ्यात जास्त तेव्हाच येते आणि मित्र म्हणतो, ‘चल, एक मारून येऊ.’ त्याच्याबरोबर जरूर बाहेर जा, पण चेहऱ्यावर गार पाणी मारा, उजेडात चाला, शेंगदाणे खा. घरी जाताना ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून गॉगल किंवा टोपी घाला, खोलीला जाड पडदा लावा, आणि घरच्यांना कुकर-मिक्सर दुपारपर्यंत थांबवायला सांगा. शिफ्ट दर आठवड्याला फिरत असेल तर सोडायची तारीख फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात ठेवा. नाईटच्या आठवड्यात सोडायला जाणं म्हणजे दोन्ही लढाया एकदम अंगावर घेणं.

मुंबई-आग्रा महामार्गावर, कसारा घाटात रात्री गाडी चालवणाऱ्यांना कळकळीने सांगतो: तंबाखू आणि सिगारेट झोप लपवतात, भागवत नाहीत. जांभया येत असतील, लेन सुटत असेल, मागचे दोन किलोमीटर आठवत नसतील तर ढाब्यावर गाडी लावा आणि वीस मिनिटं झोपा. दुसरा इलाज नाही. ही बाब मालकालाही समजावून सांगा.

केव्हा डॉक्टरकडे जायचं

घरचे म्हणत असतील की तुम्ही जोरात घोरता, मधेच श्वास थांबतो आणि दचकून पुन्हा सुरू होतो, तर वाट बघू नका. सकाळी डोकं दुखणं, दिवसा टीव्हीसमोर किंवा सिग्नलवर डोळे मिटणं, औषध घेऊनही न उतरणारा रक्तदाब, ही सुद्धा स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराची, खूण असू शकते. हा आजार धूम्रपान न करणाऱ्यालाही होतो, त्यामुळे सिगारेट सोडली म्हणजे तो आपोआप जाईल असं धरून चालू नका. कान-नाक-घसा किंवा छातीविकाराच्या डॉक्टरांना भेटा. झोपेची तपासणी करून निदान होतं आणि त्यावर उपचार आहेत.

सोडून चार-सहा आठवडे झाले तरी आठवड्यातल्या बऱ्याच रात्री झोप येत नसेल, किंवा उदास वाटणं, कशात मन न लागणं, जगण्याचा कंटाळा असे विचार येत असतील, तर तेही लगेच बोला. सोडताना काहींची उदासी वाढते आणि तिच्यावर उपचार होतात. जाताना ती उशाशी ठेवलेली वही बरोबर न्या, आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटंही. घोरण्याबद्दल सांगायचं असेल तर रात्री तुमच्या शेजारी झोपणाऱ्या माणसालाच सोबत घेऊन जा, कारण श्वास थांबलेला तुम्हाला कळत नाही, त्यांना कळतो.